‘इन्फिरिअर’ शब्दाचा अर्थ व उपयोग, अमरावती कचेरीप्रमाणे

राज्य मिळवायला तोफा लागतात; चालवायला विशेषणे पुरतात. तोफेला बैल लागतात, दारू लागते, आणि काळ्या मातीत ती चाकापर्यंत रुतते. विशेषण कागदावर बसून जाते, कुठेही रुतत नाही, आणि एकदा एखाद्याला चिकटले की ते काढण्यासाठी त्यालाच अर्ज करावा लागतो. वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला तो तहाने. गोळी सुटण्याची वेळ आली नाही. त्यानंतर दहा वर्षांनी पहिले विशेषण सुटले आणि ते कापसाला लागले.

साल अठराशे त्रेसष्ट. अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस बंदरांत अडकलेला, आणि विलायतेतल्या गिरण्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसलेल्या. अमरावतीच्या बाजारात ज्या शेतकऱ्याला एरवी कोणी ‘बस’ म्हणत नसे, त्याच्यापुढे लोक पानाचे तबक धरू लागले. बैलांच्या शिंगांवर चांदी चढली. बैलांच्या मालकांनी पागोट्यांचे वेढे वाढवले. अशा दिवसांत माणसे स्वतःला बरी समजू लागतात, आणि स्वतःला बरी समजणारी प्रजा सांभाळायला कठीण जाते. सरकारने हा धोका वेळीच ओळखला व अमरावतीस ‘कापूस-प्रत-निर्णय कचेरी’ उघडली. तिची तुलना-शाखा अकोल्यास ठेवण्यात आली. (तुलना करण्यासाठी वस्तू तीस कोस दूर न्यावी लागली, तर तुलना करणारे कमी होतात, असा अनुभव आहे.)

कचेरीत एक साहेब, केशवराव नावाचे एक शिरस्तेदार, दोन कारकून, चार शिपाई, एक शिक्का आणि शिक्क्याला तेल लावणारा एक इसम (हंगामी) इतका सरंजाम होता. दोन कारकुनांतला धाकटा तो चिंतामण. वय सव्वीस, अक्षर मोत्यासारखे, वडील अंबादेवीच्या देवळात पुराण सांगत. इंग्रजी तो नागपूरला शिकून आला होता. कापसाशी त्याचा संबंध दिव्यातली वात आणि खांद्यावरचे जानवे एवढाच होता, आणि याच निःपक्षपाती पार्श्वभूमीमुळे त्याची निवड झाली होती.

साहेब चैत्रात आले. पहिल्याच दिवशी ते घोड्यावरून बाजार पाहायला निघाले. एका गाडीला टेकून ठेवलेली कापसाची गाठ त्यांच्या नजरेस पडली आणि खाली न उतरता त्यांनी एक शब्द उच्चारला: ‘इन्फिरिअर’. मागून पायी चालणाऱ्या केशवरावांनी तो टिपून घेतला. साहेबांचे पोट आदल्या रात्रीपासून बिघडले होते. त्यामुळे शब्द गाठीविषयी होता, बैलाविषयी होता, की सकाळच्या न्याहारीविषयी, हे नक्की सांगता येत नाही. केशवरावांनी विचारले नाही. (वरिष्ठाला त्याच्या बोलण्याचा अर्थ विचारणे त्या काळी उद्धटपणाचे समजत. आता अर्थ असेल असे कोणी धरतच नाही, म्हणून प्रश्न उरला नाही.)

पुढे जे झाले त्याचे, कचेरीच्या कामाची पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना नवल वाटणार नाही. मुंबईच्या छापखान्याकडे फॉर्मचा मसुदा पाठवायचा होता. फॉर्म कसा भरावा हे छापखान्याला कळावे म्हणून केशवरावांनी पहिली ओळ नमुन्यादाखल भरून पाठवली, आणि ‘प्रत’ या रकान्यात साहेबांचा ताजा शब्द घातला. छापखान्याने ती ओळ फॉर्मचाच भाग समजून चाळीस हजार वेळा छापली. दोन महिन्यांनी पेट्या उघडल्या, तेव्हा प्रत्येक फॉर्मवर कापसाची प्रत आधीच ठरलेली होती.

यावर साहेबांसमोर विचार झाला. एक गाठ चुकीची असू शकते, शंभर गाठी चुकीच्या असू शकतात. परंतु चाळीस हजार सरकारी फॉर्म चुकीचे असणे शक्य नाही, असा निष्कर्ष निघाला. दोष असलाच तर तो कापसात असला पाहिजे.

कामाचा उरक मात्र वाखाणण्याजोगा झाला. पूर्वी एक गाठ तीन ठिकाणी उसवून, आतली रुई (सरकी काढलेल्या कापसाला वऱ्हाडात रुई म्हणतात) बोटांवर ओढून पाहायला अर्धा तास जाई. दिवसाला अकरा गाठी होत. आता दिवसाला सहाशे चाळीस होऊ लागल्या, आणि त्यातही दुपारची झोप वगळली होती. मुंबईचे व्यापारी पहिल्या महिन्यात कुरकुरले, दुसऱ्या महिन्यात सरावले, आणि तिसऱ्या महिन्यात विलायतेहून त्यांना पत्र आले की ‘नेहमीचा इन्फिरिअर’ पाठवावा, त्यात फेरफार नसावा. तेव्हा साहेबांनी त्या पहिल्या गाठीतली एक मूठ रुई काढून घेतली, पेटीत घालून मोहोरबंद केली आणि अकोल्यास पाठवली. यापुढे वऱ्हाडातली प्रत्येक गाठ या मुठीशी जुळली पाहिजे असे ठरले.

चांगल्या-वाईट मालाला आता शिक्का एकच, हे सर्वांत आधी उमगले ते परतवाड्याच्या वाटेवरच्या एका गावचे पाटील खुशालराव यांना. त्यांनी कापसाचा वाळला पाला, बोंडांची टरफले आणि रस्त्यावरची धूळ वेगवेगळी चाळून, बाजाराच्या तोंडाशी मांडव टाकून टोपलीवारी विकायला ठेवली. लोक रुईत कचरा मिसळतात अशी तक्रार पूर्वी होती. खुशालरावांच्या देखरेखीखाली ती नाहीशी झाली, कारण त्यांच्या गाठींत कचऱ्यामध्ये रुई मिसळलेली असे. साहेबांनी त्यांना सुधारणेचा पुरस्कर्ता म्हणून शाल दिली.

राहता राहिली एक अडचण. गावोगावचे पाटील विचारू लागले की हा जो शब्द आमच्या कापसाला लागतो, त्याचा अर्थ काय? केशवरावांनी चिंतामणला बोलावले.

“चिंतोपंत, एक पत्रक काढा. अर्थ आणि उपयोग. मराठीत. पाटलांना कळलं पाहिजे, पण फार नको.”

“अर्थ काय घालू?”

“कोशात काय आहे?”

“कोशात ‘खालचा’ दिलाय. कशाच्या खालचा, ते दिलेलं नाही.”

“नाही ना दिलेलं? मग आपणही देऊ नका. कोशकाराहून शहाणं व्हायचा पगार आपल्याला मिळत नाही.”

चिंतामणने नऊ दिवस खपून पत्रक तयार केले. ते अमरावतीच्या व अकोल्याच्या चावड्यांवर लागले. त्यातली मुख्य कलमे अशी:

कलम पहिले. इन्फिरिअर म्हणजे निकृष्ट, अर्थात जसे असावे त्याहून कमी. कसे असावे, हे सरकार यथावकाश कळवील.

कलम दुसरे. हे विशेषण वस्तू पाहण्यापूर्वी लावावे. पाहिल्यानंतर लावल्यास मनात किंतू राहतो.

कलम तिसरे. जहाजात चढणाऱ्या वस्तूस हे लावावे. जहाजातून उतरणाऱ्या वस्तूस लावू नये.

कलम चौथे. एकाच वस्तूस दोनदा लावल्याने ती उत्तम होत नाही.

कलम पाचवे. वस्तूस लावणे गैरसोयीचे असेल तेव्हा मालकास लावावे. वस्तूकडे ते वारशाने जाते.

कलम सहावे. ज्या इसमास हे लागले त्याची साक्ष, जामीन अथवा शब्द कचेरी ग्राह्य धरणार नाही.

(शेवटची दोन कलमे केशवरावांनी स्वतःच्या हाताने वाढवली. पत्रक ओकेबोके दिसू नये, एवढाच हेतू होता.)

पत्रकाचा प्रसार अपेक्षेबाहेर झाला. त्या हंगामात अमरावतीत हा शब्द एकोणचाळीस हजार दोनशे चार गाठींना, दोनशे बारा बैलांना, सदतीस जावयांना, नऊ सनईवाल्यांना व एका ज्योतिष्याला लागला. याशिवाय अमरावतीकरांनी तो संपूर्ण अकोल्याला लावला आणि अकोलेकरांनी संपूर्ण अमरावतीला. चिंतामणची बायको रमा ताट वाढताना सांगू लागली, “आज वरण इन्फिरिअर झालंय, मला माहीत आहे. जेवा.” आपण लिहिलेले पत्रक घराघरांत पोचल्याचे पाहून चिंतामणला समाधान वाटे. वरण तो कलम दुसऱ्याप्रमाणे, न चाखता, अर्धे ठेवी.

माघात वलगावची माणिकबाई दोन गाड्या घेऊन कचेरीच्या आवारात आली.

माणिकबाई पन्नाशीची. पेढी नदीच्या काठाला तिच्या घरची दहा एकर जमीन. वलगावात तोवर सगळ्यांनी जरी नावाचा कापूस पेरायला सुरुवात केली होती. जरीचा धागा आखूड आणि भरड, पण बोंडे खंडीभर लागतात, आणि शिक्का तर सगळ्यांना एकच बसत होता. जुना, बारीक, लांब धाग्याचा बनी कापूस गावात एकट्या माणिकबाईच्या वावरात उरला होता. ती तो पहाटे वेची. पहाटेच्या दवाने पाला ओला असतो, तो चुरून रुईत शिरत नाही. ऊन हातभर वर आले की ती वेचणी थांबवी आणि सगळ्या बायांना घेऊन बांधावर येई. गावातल्या बाया तिला अर्धवट म्हणत आणि तिच्याकडे मजुरीला जात, कारण काम दुपारच्या आत संपे.

तिचा नवरा जानराव याला या प्रकरणाचा कंटाळा आला होता. त्याने तिला चार लोकांत शब्द दिला होता: “औंदा तुह्या बनीवर सरकारचा शिक्का बसला तं बी राखू. नाई बसला तं मिरगात जरी पेरतो, आन् तुही सरकी म्हशीले घालतो.” बनीची सरकी घरी एका कणगीत भरून ठेवलेली होती. ती म्हशीने खाल्ली की वलगावात बनी कापूस संपला, हे त्यालाही माहीत होते, तिलाही होते, आणि शेजारून पाहणाऱ्या म्हशीलाही असावे.

चिंतामणने फॉर्म पुढे ओढला. “नाव?”

“माणिकबाई. पन लिवाचं असन तं जानराव लिवा. वावर त्यायच्या नावावर हाये.”

शिपायाने रिवाजाप्रमाणे गाठीत सळई खुपसली, बाहेर काढली, पाहिली, पुन्हा खुपसली आणि घाबरून हाक मारली.

“पंत, जरा इकडं या. आतमध्ये काहीच नाही.”

“काहीच नाही म्हणजे?”

“म्हणजे नुसती रुईच आहे.”

चिंतामण आला. सळईच्या टोकाला पांढरे स्वच्छ काहीतरी अडकले होते. वर्षभरात कचेरीने असा प्रकार पाहिला नव्हता. फॉर्मवर दुसरा शब्द नव्हता, आणि दुसरा शब्द हाताने लिहायची परवानगी नव्हती. जो कापूस फॉर्मवर बसत नाही तो कचेरीच्या लेखी कापूसच नव्हे. जो कापूस नव्हे त्याला शिक्का नाही. आणि शिक्का नाही त्या मालाला रेल्वेच्या टोकापर्यंत जाणाऱ्या गाड्यांच्या तांड्यात जागा नाही. तांडा बारा दिवसांनी निघायचा होता.

“बाई,” चिंतामण म्हणाला, “यात थोडा पाला घाला.”

“काहून?”

“नियमात बसत नाही.”

“पहाटी उठून, बोटं गारठून पाला वेगळा ठेवला मी. आन् तुमी म्हनता घाला? पोराले न्हाऊ घालून मंग उकिरड्यात लोळवू का?”

“उकिरड्यातला नको. खुशालराव पाटलांकडे चाळलेला मिळतो.”

भोवतीचे गाडीवान हसले. जानराव बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, तो म्हणाला, “मी काय म्हनलं होतं? चाल घरी. म्हस वाट पाहून राहिली.”

“पाहू द्या. म्हस काई पयून नाई चालली,” माणिकबाई म्हणाली, आणि चिंतामणकडे वळली. “पंत, तुमी हात तं लावून पाहा एक डाव. असी बोटावर ओढून पाहा.”

“हात लावायचा नियम नाही, बाई.”

“मंग तुमाले कसं कळते चांगली का वाईट?”

“फॉर्मवर असतं.”

तंट्याचा माल तुलनेसाठी अकोल्यास न्यावा, असा कचेरीचा शिरस्ता होता. आजवर तंटा कोणी केला नव्हता. केशवरावांनी चिंतामणला नमुन्याची पुरचुंडी घेऊन बैलांच्या दमणीतून रवाना केले. माणिकबाई म्हणाली की माझी रुई एकटी जाणार नाही. बायकोला परगावी एकटी पाठवायची नाही म्हणून जानराव निघाला. अशा रीतीने पावशेर रुईमागे दोन गाड्या, चार बैल आणि तीन माणसे तीस कोस चालली.

अकोल्याच्या तुलना-शाखेत पाच इसमांसमक्ष पेटीची मोहोर फोडण्यात आली. पेटीच्या एका कोपऱ्याला भोक होते. उंदरांनी आतली रुई पिलांच्या अंथरुणासाठी कधीच नेली होती. तळाशी पाल्याचा चुरा, धूळ, दोन टरफले आणि उंदरांनी आपल्या बाजूने ठेवलेली भर एवढेच शिल्लक होते.

शाखेचे अधिकारी गांगरले नाहीत. नियमात स्पष्ट लिहिले होते की नमुना हा ‘उघडतेवेळी जसा असेल तसा’ प्रमाण मानावा. त्यांनी पेटीतल्या ऐवजाची यादी केली, पाचही जणांच्या सह्या घेतल्या, आणि वऱ्हाडी कापसाचे प्रमाण त्या दिवसापासून तेच ठरले. (या निर्णयाने खुशालरावांचे नुकसान झाले. त्यांच्या गाठींत अजून चार आणे रुई निघत असल्याने त्या सुधारण्यासाठी परत पाठवण्यात आल्या.)

माणिकबाईने पेटीत डोकावून पाहिले. “उंदरायले कळलं बापा,” ती म्हणाली. “रुई त्यायनं नेली, कचरा सरकारले ठेवला.”

हे विधान यादीत घेतले गेले नाही. तिच्या रुईचा नमुना पेटीतल्या प्रमाणाशेजारी ठेवण्यात आला. दोन्हींत सोळा आणे फरक आढळला. सबब वलगावचा माल हा कापूस नव्हे, असा शेरा पडला.

परतताना मूर्तिजापूरजवळ दुपारी बैल सोडले. विहिरीच्या काठाला चिंतामण निकालाचा कागद मांडीवर घेऊन बसला होता. माणिकबाईने पुरचुंडी सोडली आणि त्याच्यापुढे धरली.

“इथं कोन नियम पाहून राहिलं? घ्या.”

चिंतामणने इकडेतिकडे पाहिले. जानराव झाडाखाली तोंडावर पागोटे घेऊन पडला होता. चिंतामणने चिमूटभर रुई घेतली. तिने दाखवल्याप्रमाणे अंगठा आणि बोटामध्ये धरून ओढली. धागा निघत आला. तो आणखी निघाला. चिंतामणला वाटले आता तुटेल, तुटला नाही. त्याने दुसरी चिमूट घेतली, मग तिसरी.

“कसी हाये?” तिने विचारले.

चिंतामणला मराठी येत होते, संस्कृत येत होते, इंग्रजीत त्याला बक्षीस मिळाले होते. त्याने तिन्ही भाषांत शब्द शोधला. वर्षभर एकच शब्द वापरल्यामुळे बाकीचे जागेवर सापडेनात. शेवटी तो म्हणाला, “लांब आहे.”

“लांब तं हायेच,” माणिकबाई म्हणाली. तिला एवढ्याने बरे वाटले असावे, कारण तिने त्याला दोन लाडू दिले.

लाडू खाताना चिंतामणला कलम पाचवे आठवले. वस्तूस लावणे गैरसोयीचे असेल तेव्हा मालकास लावावे! मालक निकृष्ट असल्याचे लिहून दिले, की माल वारशाने निकृष्ट. तुलनेची गरजच नाही. असा तोडगा आपल्याच पत्रकात इतके दिवस पडून होता, याचा त्याला अभिमान वाटला. अमरावतीला पोचताच त्याने कबुलीजबाबाचा कागद तयार केला. तांडा आवाराबाहेर जुंपायला लागला होता.

“म्हंजे मी निकृष्ट हाये असं लिवून द्या लागन?” माणिकबाईने विचारले.

“तेवढंच.”

“मंग लिवा ना. सासूनं तीस वर्सं म्हनलं. सरकारनं एक डाव म्हनलं तं काय झिजते माहं?”

चिंतामणने लेखणी बुडवली आणि रजिस्टर पाहून थांबला. “पण बाई, मालक तुम्ही नाही. जमीन जानरावांच्या नावावर आहे.”

जानरावने पागोटे सारखे केले. “मी काहून?”

“वावर तुमचं,” माणिकबाई म्हणाली, “रुई तुमची, पागोटं तुमचं. आता हे एकटं मले देता का?”

“अवं, पंचाईतीत बसवतात मले लोक!”

“मंग बसा. उठा कोन म्हनते?”

“निकृष्ट म्हनून बसू?”

“आजवर काय म्हनून बसले होते ते कोनी लिवून घेतलं होतं का?”

आवाराबाहेर वलगावच्या बावीस गाड्या ओळीने उभ्या होत्या. त्यांवरचे बावीस जण मान वळवून आत पाहत होते. भरलेल्या दोन गाड्या त्यांच्या देखत परत गावाकडे हाकायच्या, की खाली मान घालून कागदावर खूण करायची, याचा जानरावने विचार केला. कागद निदान त्यांना दिसत नव्हता. त्याने दौतीत काडी बुडवून आपली निशाणी नांगर काढला.

शिक्का पडला. गाठी तांड्यात चढल्या. चिंतामणने शिरस्त्याप्रमाणे कबुलीजबाबाबरोबर पत्रकाची सर्व कलमे मोठ्याने वाचून दाखवली, आणि कलम सहावे संपताच जानरावचा चेहरा एकदम उजळला.

“थांबा, पंत. ज्याले हे लागलं त्याचा शब्द धरत नाईत?”

“नाही.”

“मंग झालं तं! बी राखाचा शब्द म्या दिला होता. तो गेला. मिरगात जरी पेरतो.” आणि तो बायकोकडे पाहून हसला. निकृष्ट झाल्याचा इतका आनंद कचेरीत त्याआधी कोणाला झाला नव्हता.

माणिकबाईने पदराच्या गाठीतून सुपारी काढली, अडकित्त्याने कातरली, तोंडात टाकली.

“पंत, पुन्ना वाचा बरं.”

चिंतामणने वाचले.

“शब्द धरत नाई म्हंजे कोनताच नाई?”

“कोणताच नाही.”

“काल देल्लाबी नाई, आज देल्लाबी नाई?”

“कलमात काळ दिलेला नाही.”

“मंग हे जे आता जरी पेरतो म्हनून राहिले,” ती नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, “तो कोनाचा शब्द हाये?”

जानरावने तोंड उघडले. आपण जे बोलू ते धरले जाणार नाही हे ध्यानात येऊन त्याने ते मिटले. चिंतामणने पत्रक पुढून मागे आणि मागून पुढे वाचले. जानरावच्या बाजूने त्यात काही निघाले नाही. वलगावच्या दहा एकरांत मिरगाला काय पेरावे हे सांगणारा कायदेशीर शब्द आता एकट्या माणिकबाईकडे उरला होता, कारण तिला कोणी मालक मानलेच नव्हते आणि म्हणून निकृष्टही ठरवले नव्हते. त्या वर्षी दहाच्या दहा एकरांत बनी पेरली गेली. म्हशीला कडबा घातला.

चिंतामणविषयी थोडे सांगितले पाहिजे. तो प्रामाणिक असल्यामुळे त्याने आपल्या प्रवासाच्या रोजनिशीत मूर्तिजापूर येथे रुई हाताळल्याचे आणि धागा ‘लांब’ आढळल्याचे नमूद केले. केशवरावांनी ते वाचून डोक्याला हात लावला.

“हात कशाला लावलात, चिंतोपंत?”

“बघायला.”

“बघायचंच होतं तर कचेरीत कशाला आलात? शेती करायची होतीत.”

चौकशी रीतसर झाली. ज्याने कापूस एकदा हाताळला त्याचे मत पूर्वग्रहदूषित होते, त्याच्याकडून पुढे निर्भेळ निर्णयाची अपेक्षा करता येत नाही, असे साहेबांनी लिहिले, आणि ते योग्यच होते. चिंतामणची बदली चिखलदऱ्याला, धुक्याची आवक-जावक नोंदवण्याच्या कामावर झाली. रमा सांगते की तिथे तो रोज सकाळी बाहेर उभा राहून धुक्यात हात घालून पाहतो. वरणही आता चाखून मग नाव ठेवतो.

त्याची अमरावतीची जागा रिकामी आहे. उमेदवाराने कापूस पाहिलेला नसावा, माणसांना भेटलेला नसावा, आणि तरीही दोघांविषयी त्याचे मत पक्के असावे, एवढीच अट आहे. इथपर्यंत आलेल्या वाचकाने साहेब मूर्ख, खुशालराव लबाड आणि माणिकबाईची रुई उत्तम असे केव्हाच ठरवून टाकले असेल. यांपैकी कोणाशी तो एक शब्द बोललेला नाही, आणि त्या रुईचा धागा त्याने एकदाही बोटावर ओढलेला नाही. एवढी पात्रता कचेरीच्या पाहण्यात दुसरी नाही. त्याने सोमवारी दहा वाजता हजर व्हावे. मुलाखत होणार नाही; वाचकाविषयी कचेरीचे मत झालेले आहे.